नळवाल्या काकूंचं मानपत्र: आठवणी द्या, विशेषणं नकोत

गराडू
सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, एक मदत हवी आहे.

आमची कॉलनी इंदूरच्या पश्चिमेला, अन्नपूर्णा रोडपासून आत. घरं एकशे बारा. त्यातली मराठी चाळीसेक, बाकी माळवी, गुजराती, सिंधी, जैन आणि दोन मल्याळी. रहवासी संघाच्या सचिव गेली अठ्ठावीस वर्षं एकच, आमच्या काकू. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. या काळात अध्यक्ष सात झाले, सचिव बदलला नाही. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्यांनी राजीनामा दिलाय, तोही तीन प्रतींत. रविवारी सत्कार आहे आणि मानपत्राचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कारण काय, तर गणपतीच्या अहवालात मी एकदा 'सालाबादप्रमाणे' हा शब्द वापरला होता.

काल रात्री पहिला खर्डा केला. अजातशत्रू, निःस्वार्थ सेवाव्रती, सर्वांच्या सुखदुःखात अहोरात्र सहभागी, सगळं घातलं. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. कोण वारलं?"

तेव्हा तो खर्डा बाद. मला नक्की काय लिहायचंय त्याचा एक नमुना देतो.

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवस, पहाटे. नळ आधी खोकतो, मग थुंकतो, मग गढूळ धार, मग पाणी. ते खोकणं ऐकायला काकू आधीच फाटकाशी उभ्या. साडीवर मफलर, बगलेत टॉर्च, हातात हिरव्या रेक्झिनच्या कव्हरची वही. वहीत रकाने चार: तारीख, आलं, गेलं, धार. धारेच्या रकान्यात फक्त तीनच शब्द असायचे. अंगठा, करंगळी, दोरा. सलग चार वेळा 'दोरा' आला की दुसऱ्या दिवशी काकू रिक्षा करून निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसात. साहेब म्हणाले की "प्रेशर तर ठीक आहे," की वही उघडून पुढ्यात. अशा सतरा वह्या संघाच्या कपाटात आहेत. कॉलनीतली पोरं त्यांना नळवाल्या काकू म्हणतात ते यावरून.

तर असं काही द्या. घडलेलं. 'खूप प्रेमळ' नको. प्रेमळ त्या नव्हत्याच.

उसळपोहे
सोमवार, रात्री १०:३१

भिया, मोटरवाला किस्सा घालायलाच हवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काही घरं नळाला थेट मोटर जोडून पाणी ओढायची, मग शेवटच्या गल्लीत दोरासुद्धा यायचा नाही. काकू नळाच्या वेळी गल्लीतून फिरायच्या आणि प्रत्येक फाटकाला कान लावायच्या. घरघर ऐकू आली की घंटी. दंड पन्नास रुपये, जागच्या जागी पावती. एका पहाटे चक्कर मारून स्वतःच्या घराशी आल्या तर आतून घरघर! त्यांच्या दिरांनी लावली होती. काकूंनी घंटी वाजवली. स्वतःच्याच घराची! दीर बाहेर आले, त्यांना पावती दिली. वहीत नोंद आहे, मी पाहिली आहे: "क्र. १४. मोटर. आमचेच घर. दंड वसूल."

दिरांनी म्हणे महिनाभर त्यांच्या हातचा चहा घेतला नाही.

जुनी_इंदूरकर
सोमवार, रात्री ११:०५

वाचून मजा आली. मी त्या कॉलनीत राहत नाही, पण पाण्याबद्दल थोडं लिहिते. काकूंचं हे पाणी-वेड इंदूरबाहेरच्यांना विचित्र वाटेल.

आमच्या लहानपणी शहराला यशवंतसागर, बिलावली, सिरपूर या तलावांचा आधार. ते पुरेनासं झालं. नर्मदा आणा म्हणून १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले, मोर्चे, सभा, सगळं झालं. पाणी प्रत्यक्ष आलं १९७८ मध्ये. आमच्या मोहल्ल्यात पहिल्यांदा नळ आला त्या दिवशी आजीने त्याला हळदकुंकू लावलं होतं. नदी घरी आली म्हणून. हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर येतं आणि वाटेत विंध्याचा घाट चढतं. चढतं म्हणजे पंपांनी चढवावं लागतं. त्या विजेचं बिल भल्याभल्यांना घाम फोडतं. म्हणून तर जलूदच्या सौर प्रकल्पासाठी निगमने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे काढले. आमच्या ह्यांनीही घेतले. पाण्यावर व्याज मिळतंय म्हणून खूश आहेत.

सांगायचं काय, की एवढा घाट चढून आलेलं पाणी कुणी एकट्याने मोटर लावून ओढलं तर काकूंचं डोकं फिरणारच. माझंही फिरतं.

कायदेशीर
मंगळवार, सकाळी ८:२०

सत्कार जरूर करा. पण वहीच्या कौतुकात एक महत्त्वाची गोष्ट राहून जाईल म्हणून लिहितो.

मी चार-पाच रहवासी संघांचे हिशेब पाहतो. आपल्याकडे हे संघ मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदवलेले असतात. दरवर्षी कलम २७ खाली कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ खाली तपासलेले हिशेब द्यावे लागतात. आपल्या भाषेत 'सत्तावीस-अठ्ठावीस'. नव्वद टक्के संघ पहिली तीन वर्षं उत्साहात देतात, मग विसरतात. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सरकारी नाही.) मग एक दिवस बागेच्या जागेवर कुणी डोळा ठेवला की धावाधाव, आणि कळतं की संघ कागदावर केव्हाच मेलाय.

या काकूंचा संघ मी पाहिलाय. एकही वर्ष चुकलेलं नाही. पावतीपुस्तकं क्रमवार, रद्द केलेल्या पावतीलासुद्धा तिची मूळ प्रत टाचलेली. कॉलनीच्या बागेचा प्लॉट आज बाग आहे याचं कारण आंदोलन वगैरे नाही, हे सत्तावीस-अठ्ठावीस आहे. मानपत्रात हे वाचायला कंटाळवाणं होईल, पण घाला.

रामबागेतली
मंगळवार, सकाळी ९:४७

@कायदेशीर, पटलं. आमच्याकडे सचिव उत्साही होते, पोवाडे म्हणायचे. संघ बुडाला.

मला काकूंचा एक प्रसंग माहीत आहे, माझी मावशी तिथे राहते. घरोघरी कचऱ्याच्या गाड्या नवीन सुरू झाल्या तेव्हाचा. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पंचविसावं होतं आणि २०१७ पासून पहिलं, हे आता सगळे छाती फुगवून सांगतात. मधल्या त्या वर्षात काय काय झालं ते काकूंसारख्यांना विचारा. त्या गाडीबरोबर घरोघर फिरायच्या. मावशीने ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या टाकल्या होत्या. काकूंनी तिथेच रस्त्यावर बादली उपडी केली, पिशव्या वेचल्या, झटकल्या आणि मावशीच्या हातात दिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मावशी अजून त्याबद्दल बोलते, आणि अजून पिशव्या धुऊन वाळत घालते.

निशिगंधा_पुणे
मंगळवार, दुपारी १:१५

मी या धाग्यावर लिहू की नको असं चाललं होतं माझं.

माझे आई-बाबा त्याच कॉलनीत. भाऊ कॅनडात, मी पुण्यात. २०२० चा एप्रिल आठवा. इंदूरमध्ये कडक लॉकडाऊन, किराणासुद्धा गाड्यांवरून घरपोच. रोज बातम्यांत इंदूरचे आकडे. मी इथे बसून नुसती रडायचे.

काकूंनी काय केलं, तर ज्यांची मुलं बाहेरगावी आहेत अशा एकोणीस घरांची यादी काढली. प्रत्येकाला सांगितलं, रोज संध्याकाळी आठच्या आत माझ्या लँडलाइनवर दोन रिंग द्यायच्या आणि ठेवायचा. मी उचलणार नाही. नंबर बघून वहीत टिक करीन. सव्वाआठपर्यंत टिक झाली नाही तर फाटकाशी येईन. एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलेल्या बाईलाच हे सुचणार. जुन्या काळी ट्रंक कॉलचे पैसे वाचवायला लोक असंच करायचे, 'पोचलो' हे रिंगवर कळवायचे.

एकदा बाबा जेवता जेवता झोपले, आई पूजेत. रिंग राहिली. आठ सतराला फाटक वाजलं. मास्क, टॉर्च, वही. बाबांनी खिडकीतून हात हलवला. काकूंनी टिक केली आणि गेल्या. "कसे आहात" वगैरेही विचारलं नाही.

मी नंतर आभार मानायला फोन केला तर त्यांनी उचलला नाही! सव्वाआठच्या आत केला होता ना.

गराडू
मंगळवार, रात्री ९:०२

@निशिगंधा_पुणे, या दोन रिंगांचं आम्हा शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. त्या वर्षीची वही काढून पाहिली. शेवटच्या पानांवर एकोणीस ओळी, रोजच्या टिका. मे अखेरपर्यंत. मग एका ओळीपुढे टिका थांबल्या आहेत. तिथे काही लिहिलेलं नाही, फक्त ओळ कोरी ठेवली आहे, खोडलेली नाही. कोणाचं घर ते मला कळलं. इथे लिहीत नाही.

पिंपळपार
मंगळवार, रात्री १०:२६

सगळं गोड-गोड होऊ नये म्हणून काकूंची एक चूक नोंदवतो. मी कार्यकारिणीत होतो, माझीही त्यात सही आहे.

बागेत चिखल होतो म्हणून काकूंनी हट्टाने सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले. झाडांच्या बुंध्यापर्यंत, एक इंच माती दिसू नये असे. काही वर्षांत दोन कडुनिंब वरून सुकायला लागले आणि पावसाचं पाणी जिरायचं थांबून शेवटच्या तीन घरांच्या ओट्यावर चढायला लागलं. वार्षिक सभेत एका तरुण मुलीने हे उभं राहून सांगितलं. काकू म्हणाल्या, "लिहून घ्या. चूक सचिवांची." इतिवृत्तात तसंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सब्बल (पहार) घेऊन स्वतः बुंध्याजवळचे ब्लॉक उकरायला बसल्या, मग आम्हाला बसावंच लागलं. एक कडुनिंब जगला. दुसरा नाही.

हे मानपत्रात आलं तर मला आवडेल. नसेल येत तर निदान या धाग्यावर राहू द्या.

सराफ्यातलं_घुबड
बुधवार, रात्री १२:४८

सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातून गरम गराडू (तळलेला कंद) खाऊन येऊन लिहितोय, धागालेखकाने राग मानू नये.

अवांतर: आपल्या शहराला अशा चिवट माणसांची सवय आहे. सिरपूर तलाव वाचवायला भालू मोंढे वर्षानुवर्षे मागे लागले होते. तलावावर पक्षी मोजणं, अतिक्रमणाविरुद्ध अर्ज करणं, तेच ते परत परत. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि सिरपूर २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. काकूंना पद्मश्री मिळणार नाही, पण जात तीच. कंटाळा न येण्याची.

सूचना: बागेला किंवा चौकाला काकूंचं नाव द्या.

कायदेशीर
बुधवार, सकाळी ७:५५

नाव देऊ नका. बाग सार्वजनिक जागा आहे, संघाने आपल्या मनाने पाटी लावायची नसते. आणि काकूच पहिला अर्ज विरोधात करतील. तीन प्रतींत.

उसळपोहे
बुधवार, सकाळी ८:१०

शालही नको. त्यांच्याकडे आलेल्या शाली त्या चौकीदाराला देतात. आमचा चौकीदार अन्नपूर्णा रोडवरचा सर्वांत सन्मानित माणूस आहे.

मानपत्र मराठीत का हिंदीत, ते ठरलं का? आमच्या शेजारच्या सिंधी आंटी काल विचारत होत्या, "काकू का सम्मान है, और हमको समझेगा नहीं क्या?" त्यांचं बरोबर आहे. शेवटच्या गल्लीत एकही मराठी घर नाही, आणि काकूंचे सगळ्यात जास्त फेरे तिथेच.

गराडू
बुधवार, सकाळी ९:३०

ठरलं: डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी. हिंदी बाजू सिंधी आंटींची सून लिहितेय. तिचं वाचून मला माझ्या मराठीची लाज वाटली. भेट म्हणून संघाच्या खोलीच्या पाच पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवतोय. वर्गणी घरटी शंभर, ऐच्छिक. काकू आता सचिव नसल्या तरी त्या खोलीत येणारच, हे सगळ्यांनी धरून चाललंय.

ओटलाबहाद्दर
बुधवार, रात्री ११:४०

नवीन आयडी काढून लिहितोय. कारण कळेल.

आमच्या घराचा ओटला रस्त्यावर चार फूट आला होता. बाबांनी हौसेने बांधला होता, वर टाइल्स, बाजूला तुळस. काकूंनी आधी तोंडी सांगितलं, मग लेखी, मग १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार. ती खालच्या पातळीवर 'निकाली' दाखवली गेली, काकूंनी 'समाधान नाही' म्हणून वर ढकलली. परत निकाली, परत वर. शेवटी ओटला तुटला. त्या दिवशी बाबा आत बसून राहिले. मी बारावीत होतो आणि मला काकूंचा भयंकर राग आला होता. खोटं कशाला बोलू, थोडा अजून आहे. बाबांच्या तुळशीची कुंडी फुटली होती, ती कुणी उचलायलाही आलं नाही.

त्यानंतर बाबा आणि काकू बोललेले नाहीत. आजोबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा अँब्युलन्स थेट दारात उभी राहिली. ओटला असता तर वळली नसती. बाबांच्या ते लक्षात आलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

काल वर्गणीवाले आले. बाबांनी शंभरऐवजी दोनशे एक दिले. मला म्हणाले, "पावती घे. नाहीतर ती बाई परत करेल."

रामबागेतली
गुरुवार, सकाळी ८:३३

@ओटलाबहाद्दर, कुंडीचं वाईट वाटलं. आणि तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

गराडू
गुरुवार, रात्री ८:५०

खर्डा तयार. मुख्य भाग देतो, सांभाळून घ्या:

"आपण अठ्ठावीस वर्षे या संघाचे सचिवपद सांभाळले. सतरा वह्यांत नळाची वेळ आणि धार लिहिली. स्वतःच्या घराला दंड केला. एकही वर्ष हिशेब चुकवला नाही, म्हणून बाग राहिली. २०२० साली एकोणीस घरांच्या दोन रिंगांची रोज वाट पाहिली. पेव्हर ब्लॉक बसवले आणि चूक कळल्यावर स्वतःच्या हाताने काढले. आम्हांपैकी अनेकांशी आपण भांडलात. सर्वांच्या सुखदुःखात आपण अहोरात्र सहभागी होतात. कॉलनी आपली ऋणी आहे."

एक वाक्य जुन्या खर्ड्यातलं ठेवलंय. तेवढं असू द्या, मानपत्रासारखं वाटतं.

निशिगंधा_पुणे
गुरुवार, रात्री ९:२०

सुंदर. रविवारी पहाटेच्या बसने येतेय.

कायदेशीर
गुरुवार, रात्री ९:४१

'हिशेब' आधी 'लेखापरीक्षित' घाला.

गराडू
शुक्रवार, संध्याकाळी ७:०५

घोटाळा झालाय. गुप्त ठेवायचं ठरलं होतं, पण छापखान्यात देण्याआधी खर्डा त्यांच्या सुनेला दाखवला आणि तिने तो फ्रिजवर ठेवला. आज सकाळी माझ्या दाराच्या कडीत अडकवलेला सापडला. पेन्सिलने दुरुस्त्या आहेत. जशाच्या तशा उतरवतो.

'सतरा वह्या' यापुढे: "अठरा. एक उंदरांनी खाल्ली."

'स्वतःच्या हाताने काढले' यापुढे: "सात जणांनी मिळून. नावे इतिवृत्तात."

'अहोरात्र' खोडलंय. बाजूला: "रात्री मी झोपत असे."

आणि 'सर्वांच्या सुखदुःखात' याखाली रेघ मारून: "सर्वांच्या नाही. ३१ आणि ८८ वगळून."

'ऋणी' या शब्दाला हात लावलेला नाही. खाली सही आणि तारीख.

उसळपोहे
शुक्रवार, संध्याकाळी ७:२२

😂😂 जसंच्या तसं छापा. पेन्सिलीसकट.

पिंपळपार
शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

पेन्सिलीसकट छापायला +१. सात जणांत मी आहे, बरं का.

८८ कोण?

गराडू
शुक्रवार, रात्री ८:१६

८८ कोण ते इथे कुणी लिहू नये, ही विनंती. कार्यक्रम रविवारी चार वाजता, बागेत, जगलेल्या कडुनिंबाखाली. पुढचा नळाचा दिवस मंगळवार आहे, त्यामुळे कार्यक्रम लांबून जागरण झालं तरी काकूंना हरकत नाही असं सुनेने कळवलंय. येताना खुर्ची घरून आणा.

ओटलाबहाद्दर
शुक्रवार, रात्री ११:५८

३१ आम्ही. बाबांना दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय."

खुर्च्या दोन आणतो.